मनाच्या आजाराचा पैसा कुठल्या लेखाशीर्षात? ज्येष्ठ वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेली बरीच पत्रे एकाच विषयाची आहेत. घरातील वृद्ध माणसाच्या विस्मरणावर, उदासीवर किंवा भ्रमावर उपचार करायचे तर सरकारकडून नेमके काय मिळते आणि त्यासाठीचा पैसा कुठून येतो, असे या पत्रांतून विचारले आहे. त्यांपैकी चार पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची नावे व गावे वगळली असून पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी ७१ वर्षांचा निवृत्त शिक्षक असून मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी पत्नीसह राहतो. पत्नी ६८ वर्षांची आहे. दोन वर्षांपासून तिला विसर पडतो. कपाटाची किल्ली ती देव्हाऱ्यात ठेवते आणि मीच ती लपवली असे म्हणून रडते. दिवेलागण झाली की पिशवीत दोन लुगडी भरून ‘मला घरी सोडा’ म्हणते आणि ते घर म्हणजे तिचे माहेर, जे आता उभेही नाही. जवळच्या सरकारी दवाखान्यात नेले तेव्हा ‘वय झाले की असे होतेच’ असे सांगण्यात आले. पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञांनी नीट तपासले, परंतु लिहून दिलेल्या तीन औषधांपैकी एकच खिडकीवर मिळाले आणि उरलेल्या दोहोंसाठी बाहेरच्या दुकानाची चिठ्ठी हातात पडली. सरकार या कामासाठी पैसा देते असे वाचनात येते. तो माझ्या पत्नीपर्यंत का पोहोचत नाही आणि मी हक्काने काय मागू शकतो?

उत्तर : आपल्या पत्रातील किल्ली आणि पिशवी वाचून सरकारी रुग्णालयातील मानसोपचार समाजसेविका म्हणून काढलेली माझी सारी वर्षे डोळ्यांपुढे आली. संध्याकाळी माहेरी निघालेल्या अशा कित्येक आज्या मी पाहिल्या आहेत. म्हणून पैशाचे बोलण्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. ‘वय झाले की असे होतेच’ हे उत्तर चुकीचे आहे आणि ते आपण मान्य करू नये. स्मृतिभ्रंश, ज्याला डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात, हा आजार आहे. ६० वर्षांवरील व्यक्तींच्या एका देशव्यापी अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार भारतात या वयोगटातील सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे अंदाजे ८८ लाख माणसांना, हा आजार आहे. याच वयात बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे, थायरॉईडच्या बिघाडामुळे किंवा खोलवर बसलेल्या उदासीमुळेही विसर पडतो आणि ही कारणे उपचारांनी आटोक्यात येऊ शकतात. म्हणून वहिनींच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या आहेत ना, हे पुढील भेटीत डॉक्टरांना जरूर विचारावे.

आता हक्काविषयी. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ साली संमत झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. मानसिक आजाराची व्याख्या करताना या कायद्याने विचार व भावनांच्या जोडीला दिशा-काळाचे भान आणि स्मरणशक्ती यांचाही उल्लेख केला आहे, त्यामुळे स्मृतिभ्रंश या कायद्याच्या बाहेरचा आहे असे कोणालाही म्हणता येणार नाही. कायद्याच्या कलम १८ मध्ये सरकारने कोणत्या सेवा दिल्याच पाहिजेत हे सांगताना वृद्धांसाठीच्या मानसिक आरोग्य सेवांचा वेगळा उल्लेख आहे आणि रुग्णाच्या कुटुंबाला आधार देणाऱ्या सेवांचाही आहे. आवश्यक औषधांच्या यादीतील औषधे सामुदायिक आरोग्य केंद्रापासून, म्हणजे आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयापासून, वरच्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात मानसिक आजाराच्या रुग्णाला सदैव मोफत मिळाली पाहिजेत, असेही त्याच कलमात म्हटले आहे. यासाठी रेशनकार्डाच्या रंगाची अट नाही. त्यामुळे चिठ्ठीवरची उरलेली दोन औषधे त्या यादीत आहेत का, हे औषध निर्माण अधिकाऱ्यांकडून लेखी मागावे. यादीत असूनही ती मिळाली नसतील, तर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे साधा अर्ज करावा आणि पोच घ्यावी. तोंडी तक्रारीची कुठेही नोंद राहत नाही.

पैसा का पोहोचत नाही, हा आपला खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर थोडे लांब आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली सुरू झाला. कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने केलेल्या प्रयोगाच्या आधारावर १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. आपल्या पत्नीला तपासणारे डॉक्टर, त्यांच्या सोबतचे मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक आणि परिचारिका हे बहुधा याच कार्यक्रमातील आहेत. बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या निकषांप्रमाणे अशा एका जिल्हा पथकाला वर्षाला जास्तीत जास्त ८३.२ लाख रुपये मिळू शकत. आकडा मोठा वाटतो, म्हणून तो एका जिल्ह्यावर मांडून पाहू. २०११ च्या जनगणनेत सातारा जिल्ह्याची लोकसंख्या ३० लाखांच्या थोडी वर होती. सगळीच्या सगळी रक्कम मिळाली आणि खर्चही झाली असे धरले, तरी वर्षाकाठी माणशी तीन रुपयेदेखील होत नाहीत. या तीन रुपयांत शाळकरी मुलांपासून व्यसनाधीन तरुणांपर्यंत आणि बाळंतिणीपासून आपल्या पत्नीपर्यंत सर्वांचे मन सांभाळायचे आहे.

त्यातही वृद्धांसाठी म्हणून वेगळे लेखाशीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकातील खर्चाचे स्वतंत्र खाते, नाही. जिल्हा कार्यक्रमाचा पैसा राष्ट्रीय आरोग्य अभियानातून येतो. त्यात महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठी केंद्राचा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के वाटा असतो, आणि हा निधी असंसर्गजन्य आजारांच्या एकत्रित निधीत मिसळलेला असल्यामुळे मधुमेह, रक्तदाब, कर्करोग यांच्याशी त्याची ओढाताण होते. दुसऱ्या बाजूने २०१०-११ पासून ज्येष्ठांच्या आरोग्यसेवेचा स्वतंत्र राष्ट्रीय कार्यक्रम आहे. त्याअंतर्गत जिल्हा रुग्णालयात ज्येष्ठांसाठी दहा खाटांचा कक्ष असावा अशी तरतूद आहे आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्रादेशिक केंद्रही आहे. मात्र त्याचा भर गुडघे, हृदय, तोल जाऊन पडणे, फिजिओथेरपी यांवर राहिला. परिणामी मनाच्या कार्यक्रमात वृद्ध हा अनेकांतला एक ठरतो आणि वृद्धांच्या कार्यक्रमात मन हा अनेकांतला एक विषय ठरतो. आपली पत्नी या दोन कार्यक्रमांच्या मधल्या जागेत सापडली आहे, आणि दोन्हीकडचे कर्मचारी भले असूनही त्या जागेला वाली नाही, हे मला मनापासून सलते.

केंद्राच्या अंदाजपत्रकातही हेच दिसते. २०२४-२५ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मानसिक आरोग्यासाठी थेट दाखवलेल्या तरतुदीत सुमारे ८५० कोटी रुपये निम्हान्सला, ६४ कोटी आसाममधील तेजपूरच्या मानसिक आरोग्य संस्थेला आणि ९० कोटी दूरध्वनीवरील टेलि-मानस सेवेला होते. निम्हान्ससारख्या संस्थेला पैसा मिळालाच पाहिजे, कारण देशभरातले अनेक तज्ज्ञ तिथे घडतात, याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु एक हजार कोटींच्या आसपासच्या रकमेतून एवढा मोठा भाग संस्थेच्या आवारात राहतो, तेव्हा तालुक्याच्या खिडकीवर औषध संपलेले असते, हा संबंध डोळ्यांआड करता येत नाही.

तूर्तास आपण तीन गोष्टी कराव्यात असे सुचवते. जिल्ह्याचे मानसिक आरोग्य पथक ठरावीक दिवशी आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात येते का, याची तारखेसह चौकशी करावी, म्हणजे दर वेळी जिल्ह्याचा प्रवास वाचेल. रात्री-अपरात्री वहिनी अस्वस्थ झाल्यास १४४१६ या टेलि-मानसच्या विनामूल्य क्रमांकावर मराठीत बोलता येते. आणि तिसरी गोष्ट अशी की तिथे आपण स्वतःविषयीही बोलावे. दोन वर्षे एकट्याने सांभाळणाऱ्या माणसाची झोप आणि उमेद हळूहळू संपते, हे मी फार घरांत पाहिले आहे.

प्रश्न : मला मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून तीन हजार रुपये मिळाले. त्यातून चष्मा आणि काठी घेतली. शेजारच्या बाई म्हणतात की हे पैसे मनाच्या आरोग्यासाठीही होते. मालक गेल्यापासून मला झोप लागत नाही. ते मनाचे केंद्र कुठे असते?

उत्तर : शेजारच्या बाईंची माहिती बरोबर आहे. फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयानुसार ६५ वर्षे पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांच्या खात्यात एकदाच तीन हजार रुपये जमा केले जातात. चष्मा, श्रवणयंत्र, काठी, कमोड खुर्ची, कंबरेचा पट्टा अशा साधनांबरोबरच मनःस्वास्थ्य केंद्र आणि योगोपचार केंद्र यांद्वारे ज्येष्ठांचे मानसिक स्वास्थ्य अबाधित राखणे, हाही त्या निर्णयाचा हेतू आहे. मनाचा विषय सामाजिक न्याय विभागाच्या कागदावर आला, याचे मी स्वागत करते. तरीही चष्मा एकदा घेतला की काही वर्षे चालतो आणि मनाच्या उपचाराला दर पंधरवड्याला जावे लागते, त्यामुळे एकदाच मिळणारी रक्कम साधनांवरच खर्च होणे स्वाभाविक आहे. आपण चष्मा घेतला यात आपली काहीच चूक नाही.

झोपेसाठी या पैशांची गरजही नाही. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात आपल्याला तपासून घेता येईल आणि दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला, कार्ड हाती असो वा नसो, मानसिक आजाराचे उपचार सरकारी ठिकाणी पूर्णपणे विनामूल्य देण्याची तरतूद वर सांगितलेल्या कायद्यात आहे. जोडीदार गेल्यानंतरचे दुःख हा आजार नसतो. परंतु झोप आणि जेवण अनेक आठवडे तुटले असेल, तर तज्ज्ञांना दाखवलेच पाहिजे. दुकानातून झोपेची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये, कारण या वयात अशा गोळ्यांमुळे तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो.

प्रश्न : माझे वडील ७८ वर्षांचे असून त्यांना तीव्र नैराश्य आहे. सत्तर वर्षांवरील सर्वांना पाच लाखांचे आरोग्य संरक्षण जाहीर झाले म्हणून आम्ही आयुष्मान वय वंदना कार्ड काढले. खासगी मानसोपचारतज्ज्ञांकडे ते दाखवले तर ‘हे इथे चालत नाही’ असे उत्तर मिळाले. मग या कार्डाचा उपयोग काय?

उत्तर : कार्ड खरे आहे आणि डॉक्टरांचे उत्तरही खरे आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असले तरी, कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे हे संरक्षण लागू झाले. मात्र मूळ आयुष्मान भारत योजनाच रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आखलेली आहे. बाह्यरुग्ण विभागातील तपासणी, महिन्याची औषधे, समुपदेशन यांचा खर्च त्यातून निघत नाही. उतारवयातील नैराश्याचे बहुतेक उपचार खाटेवर नव्हे, तर बाह्यरुग्ण विभागात आणि घरी होतात. मोतीबिंदू आणि खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी जे कार्ड वरदान आहे, ते मनाच्या आजारात बहुतेक वेळा पाकिटातच राहते. धोरण आखणाऱ्यांनी ही उणीव दूर करावी असे मला आग्रहाने वाटते, कारण सुरुवातीला महिन्याची औषधे आणि चार भेटी मिळाल्या, तर पुढे दाखल करण्याची वेळ अनेकदा येणारच नाही.

वडिलांची खासगी आरोग्य विमा पॉलिसी असेल, तर ती पुन्हा वाचावी. २०१७ च्या कायद्यातील कलम २१ प्रमाणे विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखीच वागणूक दिली पाहिजे. शारीरिक आजारात बाह्यरुग्ण खर्च मिळत असेल, तर मानसिक आजारातही तो मिळालाच पाहिजे. आणि वडील जगण्याचा कंटाळा बोलून दाखवत असतील, जेवण सोडत असतील, तर कार्डाची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तेव्हा दाखल करावे लागल्यास हे कार्ड कोणत्या रुग्णालयात चालेल, हे आजच विचारून ठेवावे.

प्रश्न : आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचे १४० सभासद आहेत. दरवर्षी आम्ही मानसिक आरोग्यावर एक व्याख्यान ठेवतो, टाळ्या होतात आणि विषय संपतो. सरकारी निधी आमच्या भागात यावा यासाठी संघाने नेमके काय मागावे? मोठी इमारत, केंद्र वगैरे मागावे का?

उत्तर : इमारत मागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत आणि त्यांची गरज राहीलच. आपल्या १४० सभासदांना मात्र खाटेपेक्षा दारात येऊन बसणारे प्रशिक्षित माणूस हवे आहे. यासाठी फार दूर जायला नको, शेजारच्या गोव्याकडे पाहावे.

गोव्यात ६० वर्षांवरील, उदासीची सौम्य लक्षणे असलेल्या पण अजून आजारापर्यंत न पोहोचलेल्या १८१ व्यक्तींवर एक अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. निम्म्या लोकांकडे डॉक्टर नसलेले, पण खास शिकवून तयार केलेले स्थानिक समुपदेशक गेले. त्यांनी अडचणी एकेक करून सोडवण्याची पद्धत शिकवली, झोपेच्या सवयी सुधारल्या, मधुमेहासारखे आजार सांभाळायला मदत केली आणि सरकारी योजना मिळवून देण्यासाठीही हातभार लावला. एका वर्षात या गटातील ९१ जणांपैकी चौघांना तीव्र नैराश्य आले, तर नेहमीची सेवा मिळालेल्या ९० जणांपैकी तेरा जणांना. अभ्यास लहान होता, हे लक्षात ठेवावे. तरीही तेरा आणि चार यांतला फरक आपल्याच मातीत, आपल्यासारख्याच घरांत, डॉक्टर नसलेल्या माणसांच्या हातून घडला आहे. पैसा माणसांच्या मानधनावर आणि प्रशिक्षणावर खर्च करावा, हे मी याच आधारावर सांगते.

अशी माणसे सरकारकडे आहेतही. आशाताई ज्या कागदावर तीस वर्षांवरील प्रत्येकाची माहिती भरतात, तो सीबॅक नावाचा तक्ता संघाने एकदा मागवून वाचावा. त्यात साठीपुढच्या व्यक्तीला विचारायचे वेगळे प्रश्न आहेत : उभे राहताना किंवा चालताना तोल जातो का, रोजच्या कामाला दुसऱ्याची मदत लागते का, जवळच्या माणसांची नावे किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरायला होतो का. शेवटी गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटला नाही किंवा खिन्न, निराश वाटले, असे किती दिवस झाले, हेही विचारायचे असते. म्हणजे प्रश्न विचारण्याची सोय कागदावर झालेली आहे. पण हो असे उत्तर आल्यावर त्या माणसाचे पुढे काय झाले, याचा पाठपुरावा करायला आशाताईंना वेळ, मानधन आणि वरिष्ठांची साथ मिळते का, तिथे निधीची खरी कसोटी आहे. एकाच बाईच्या खांद्यावर लसीकरणापासून क्षयरोगापर्यंत सगळे टाकून वर वृद्धांचे मनही टाकायचे आणि त्यासाठी पैसे वाढवायचे नाहीत, हे मला अन्यायाचे वाटते, आणि संघाने आपल्या मागणीत तिच्या मानधनाचा उल्लेख केला तर ते शोभून दिसेल.

मागणी कोणाकडे करावी, हेही सांगते. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा आराखडा जिल्ह्याकडून राज्याकडे आणि तिथून केंद्राकडे जातो, आणि आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होत असल्यामुळे हे काम त्याआधीच व्हावे लागते. म्हणून संघाचे निवेदन दिवाळीच्या सुमारास जिल्हा शल्यचिकित्सक आणि जिल्हा आरोग्य अधिकारी या दोघांच्या हाती पडले पाहिजे. मार्चमध्ये दिलेले निवेदन फायलीतच राहते. त्याची एक प्रत पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समितीच्या सदस्यांना द्यावी, कारण जिल्हा वार्षिक योजनेतून आरोग्याच्या कामांना निधी देण्याचा अधिकार त्या समितीकडे आहे. निवेदनात ‘ज्येष्ठांच्या मानसिक आरोग्याकडे लक्ष द्यावे’ असे मोघम लिहू नये. ‘आमच्या तालुक्याच्या रुग्णालयात महिन्यातून दोन ठरावीक दिवस ज्येष्ठांसाठी स्मृती व नैराश्य तपासणी व्हावी आणि तेथे सांगितलेली औषधे त्याच खिडकीवर मिळावीत’ असे लिहावे. असे वाक्य मोजता येते, आणि जे मोजता येते त्यावर अधिकाऱ्याला उत्तर द्यावे लागते.

त्याआधी माहिती अधिकाराचा एक अर्ज करून ठेवावा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो आणि त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चालतो. विषय एवढाच ठेवावा : जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाला गेल्या तीन आर्थिक वर्षांत मिळालेला निधी, झालेला खर्च, मंजूर व रिक्त पदे आणि तपासलेल्या रुग्णांपैकी साठ वर्षांवरील रुग्णांची संख्या. तीस दिवसांत उत्तर मिळणे बंधनकारक आहे. शेवटच्या आकड्याची नोंदच ठेवली जात नाही असे उत्तर आले, तर ते उत्तरच निवेदनाला जोडावे आणि पुढील वर्षापासून ही नोंद वेगळी ठेवावी, ही आपली पहिली मागणी करावी. उत्तर काहीही आले, तरी त्याची एक प्रत या सदराकडे पाठवावी. तालुक्यातालुक्यांतून अशी उत्तरे हाती आली, तर ती येथे एकत्र मांडण्याचे काम मी आनंदाने करीन.